आपल्यातलीच एक

आईच्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड’ असे दोन शब्द होते. त्यांच्या आधीच ‘कार्सिनोमा’, म्हणजे कॅन्सर, येऊन गेला होता, त्यामुळे खरं तर पुढचं काही दिसायलाच नको होतं. पण भीतीच्या वेळी मोठ्या शब्दाकडे बघवत नाही, म्हणून मन शेजारच्या लहान शब्दाला धरून बसतं. मी या दोन शब्दांना धरून बसले.

आईनं आधी रडून घेतलं. मग चष्मा लावला, तो कागद स्वतः वाचला आणि बोट ठेवून विचारलं, ‘‘हे काय गं असतं?’’ मला सांगता आलं नाही. रात्री दिवा मालवल्यावर तिनं दुसरा प्रश्न विचारला, ‘‘माझं काय चुकलं असेल?’’

त्याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. इतरांकडे मात्र होतं. आयुष्यभर सगळं मनात साठवत राहिली म्हणून गाठ झाली, असं एकीनं सांगितलं. दुसरीनं कधीकाळी लागलेल्या माराची आठवण काढली. सगळी माणसं मायेनंच बोलत होती, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यासरशी आईची मान आणखी खाली जात होती. ते मला बघवेना. दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक मी हातात धरलं नव्हतं. त्या आठवड्यात धरलं.

‘डिफरन्शिएशन’ला मराठी पुस्तकांत विभेदन म्हणतात. शब्द बरोबर असेल, पण तो मला काही सांगेना. मी माझ्यापुरता साधा शब्द घेतला : घडणं. आपण सगळे एका पेशीपासून सुरू होतो. ती दुभंगते, एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि शेवटी तीस लाख कोटींहून जास्त पेशींचं शरीर उभं राहतं. तांबड्या रक्तपेशी सोडल्या तर यातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा तोच मजकूर असतो, सुमारे ३ अब्ज अक्षरांचा, आईकडून एक प्रत आणि वडिलांकडून एक. तरी यकृताची पेशी यकृताचंच काम करते आणि डोळ्याची डोळ्याचं, कारण प्रत्येकीनं आपल्या कामाची पानं उघडी ठेवून बाकीची मिटलेली असतात. पुरती घडलेली पेशी सहसा वाढणं सोडून देते. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी तर एकदा घडल्या की पुन्हा दुभंगतच नाहीत.

दुधाच्या नलिकेच्या अस्तरातली पेशीही अशीच घडलेली असते. शेजारणीला चिकटून, रांगेत, मधली पोकळी मोकळी सोडून ती उभी असते. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे असे नमुने तपासणारे डॉक्टर, सूक्ष्मदर्शकातून बघतात ते एवढंच, की ही घडण किती उरली आहे. नलिकेसारख्या रचना अजून होताहेत का, केंद्रकं एकसारखी आहेत की वेडीवाकडी, दुभंगण्याच्या ऐन क्षणी सापडलेल्या पेशी किती. या तीन गोष्टींवरून ग्रेड ठरते. आईची दुसरी ग्रेड होती. म्हणजे पेशी आपण कोण होतो हे बरंचसं विसरली होती, पुरतं विसरली नव्हती.

इथं एक सांगायलाच हवं, कारण आमच्या घरात त्यावरून एक अख्खी संध्याकाळ रडण्यात गेली. ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. ‘ग्रेड २’ हे कुणीतरी ‘सेकंड स्टेज’ म्हणून फोनवर सांगितलं आणि ते पुढे तसंच गेलं. ग्रेड पेशीचं रूप किती बदललं ते सांगते. स्टेज ती कुठवर पोचली ते सांगते. रिपोर्ट हातात घेतलेल्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

मराठीत आपण म्हणतो, अमकीला कॅन्सर निघाला. ताप येतो, सर्दी होते, कावीळ होते, आणि कॅन्सर निघतो. हे क्रियापद मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्यातला अर्थ आता दिसला. निघतं ते आत असलेलंच. विज्ञानाला हे कळायला बराच काळ लागला. १९११ साली पेटन राऊस यांनी कोंबडीतल्या गाठीचा अर्क इतका बारीक गाळला की त्यात एकही पेशी उरली नाही, आणि तो अर्क टोचल्यावर दुसऱ्या कोंबडीला गाठ झाली. म्हणजे गाठ करणारा एक विषाणू होता. कॅन्सर बाहेरून येतो, तो विषाणूच आणतो, अशी आशा त्यातून पुढे अनेकांना वाटली. आशाच म्हणायची, कारण बाहेरच्याला बाहेर काढता येतं. त्या विषाणूतलं गाठ करणारं जनुकही पुढे सापडलं, त्याला ‘सार्क’ असं नाव मिळालं. मग १९७६ मध्ये मायकेल बिशप, हॅरल्ड व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे जनुक मुळात विषाणूचं नाहीच. ते निरोगी कोंबडीच्या स्वतःच्या पेशींत असतं. कधीतरी एका विषाणूनं ते तिथून उचललं होतं. नंतर ते इतर प्राण्यांत सापडलं, माणसातही सापडलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. ज्या जनुकांमुळे कॅन्सर होतो ती आपल्यात कॅन्सरसाठी नाहीत. जखम भरावी, गर्भ वाढावा, आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं व्हावं म्हणून ती आहेत. ती नसती तर आई जन्मलीच नसती, मीही नसते.

मग बिघडतं काय? अक्षर. पेशी दुभंगण्याआधी तिला सगळा मजकूर उतरवून काढावा लागतो, दोन्ही प्रती धरून सुमारे ६ अब्ज अक्षरं. उतरवणारं प्रथिन हात चालवता चालवताच मागे वळून तपासतं, चुकलेलं अक्षर खोडून पुन्हा लिहितं. त्याच्या मागून दुरुस्ती करणारी दुसरी प्रथिनं फिरतात. एवढं होऊन एका वेळच्या नकलेत राहून जाणाऱ्या चुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. इतकं नेटकं काम मी दुसरं कुठलं पाहिलेलं नाही. पण शरीरात हे काम क्षणोक्षणी चाललेलं असतं आणि आयुष्य लांब असतं. बहुतेक चुका अशा जागी पडतात की काही फरक पडत नाही. एखादी नेमक्या जागी पडते.

नेमकी म्हणजे किती नेमकी, याचं उदाहरण ‘रास’ नावाच्या जनुकाचं. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींमधलं हे जनुक निरोगी पेशीतल्या जनुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं गेलं. फरक एकाच अक्षराचा निघाला. त्या अक्षरामुळे प्रथिनाच्या साखळीतला बारावा मणी बदलला होता. रासचं काम बाहेरून ‘वाढ’ असा निरोप आला की तो आत पोचवायचा आणि लगेच गप्प व्हायचं. तो मणी बदलला की त्याला गप्प होता येत नाही. दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं. बाहेर कुणी नसतं आणि घरात बेल वाजतच राहते.

एवढ्यानं मात्र कॅन्सर होत नाही. वाढ रोखून धरणारीही जनुकं असतात, आणि त्यांच्या दोन प्रती असतात. आल्फ्रेड क्नुडसन हे डॉक्टर लहान मुलांच्या डोळ्यांतल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरच्या नोंदी बघत होते. काही मुलांना तो फार लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होई, काहींना उशिरा आणि एकाच डोळ्यात. १९७१ मध्ये त्यांनी नुसत्या त्या वयांच्या आकड्यांवरून मांडलं, की इथं दोन घाव लागतात. पहिल्या मुलांत एक घाव जन्मतःच प्रत्येक पेशीत असतो, म्हणून दुसरा एकच पुरतो. दुसऱ्या मुलांत दोन्ही घाव एकाच पेशीवर पडावे लागतात. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागायला पुढे १५ वर्षं गेली. समोर मुलांचे आजारी डोळे आणि हातात कागदावरची वयं, एवढ्यावरून एखाद्याला पेशीच्या आतलं दिसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मोठेपणीच्या बहुतेक कॅन्सरांत दोनच नव्हे, आणखीही घाव लागतात, आणि ते एकाच पेशीच्या वंशात साठत जातात. एक पेशी जरा भराभर दुभंगते, तिच्या लेकींपैकी एखादीत आणखी एक चूक पडते, ती बाकीच्यांना मागे टाकते. असं वर्षानुवर्षं चालतं. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात, आणि एका पेशीपासून तिथवर यायला दुपटीच्या तीस पायऱ्या पुरतात. हाताला लागेपर्यंत गाठीनं आपली बरीचशी वाट चाललेली असते. ‘‘परवापर्यंत तर काहीच नव्हतं,’’ असं आई म्हणायची. होतं. ते बोटांना कळण्याएवढं नव्हतं.

आता तिचा दुसरा प्रश्न. माझं काय चुकलं?

२०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी पापणीची कातडी तपासली. शस्त्रक्रियेत काढावी लागलेली, पूर्णपणे निरोगी दिसणारी, मध्यमवयीन आणि वयस्क माणसांची कातडी. तिच्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास पेशींमध्ये कॅन्सरकडे नेणारे बदल आधीच होते. आणि ती कातडी व्यवस्थित आपलं काम करत होती. म्हणजे वय वाढलेल्या आपण सगळ्यांमध्येच अशा पेशी आहेत. बहुतेकींचं पुढे काहीच होत नाही. एखादीच्या बाबतीत पुढचा घाव पडतो.

कारणं नाहीत असं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणणं धोक्याचं आहे. तंबाखूच्या धुरातली रसायनं डीएनएला जाऊन चिकटतात आणि नक्कल करताना चूक घडवतात. उन्हातले अतिनील किरण शेजारची दोन अक्षरं एकमेकांना जोडून टाकतात. एचपीव्ही या विषाणूचे काही प्रकार पेशीतली राखणदार प्रथिनंच निकामी करतात, म्हणून त्याची लस गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळू शकते. दारू आहे, वाढलेलं वजन आहे, काही घरांतून बीआरसीए १ सारख्या जनुकाची बिघडलेली प्रत पिढ्यान्‌पिढ्या येते. हे सगळं खरं आहे आणि यातलं जे टाळता येतं ते टाळायला हवं. पण मनात दुःख साठवल्यानं गाठ होते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही, आणि माझ्या आईच्या बाबतीत ‘हे केलंस म्हणून’ असं बोट दाखवता येईल अशी एकही गोष्ट नव्हती. आपल्या भाषेत कारण आणि दोष हे दोन वेगळे शब्द आहेत. आजारी माणसाशी बोलताना ते वेगळेच ठेवावेत, असं मला कळकळीनं वाटतं. मी तिला पापणीच्या कातडीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे नक्कल करताना चूक झाली.’’ तिनं पुष्कळ वर्षं हिशेबाच्या वह्या उतरवून काढल्या आहेत. त्या वाक्यात तिला जे कळलं ते मी सांगितलेल्यापेक्षा जास्त होतं.

मला स्वतःला ज्या भागानं सर्वांत अस्वस्थ केलं तो मरणाचा. निरोगी पेशीला मरता येतं. गर्भात हाताचा आकार आधी वल्ह्यासारखा असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. एका मिलिमीटरच्या ‘सी एलिगन्स’ या कृमीच्या घडणीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात, दर वेळी त्याच. हे ज्यांनी उलगडलं त्यांना २००२ चं नोबेल मिळालं. १९७२ मध्ये या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव देताना झाडावरून पानं गळण्यासाठीचा ग्रीक शब्द घेतला गेला. अशी पेशी फुटत नाही, सांडत नाही. आवरून घेते, लहान लहान पुडक्यांत स्वतःला बांधते आणि शेजारच्या पेशी ती पुडकी उचलून नेतात. आपल्या शरीरात रोज काही हजार कोटी पेशी अशा जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

कधी जायचं हे ठरवण्यात पी५३ नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. डीएनए फाटलं की ते पेशीला थांबवतं. दुरुस्ती झाली तर पुढे जाऊ देतं, नाही तर मरणाची वाट दाखवतं. माणसांच्या जवळपास निम्म्या कॅन्सरांत याच प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, आयुष्यही लांब, तरी त्याला कॅन्सर कमी होतो. त्याच्याकडे या जनुकाच्या दोनऐवजी सुमारे चाळीस प्रती असतात आणि त्याच्या पेशी थोड्याशा बिघाडावरही मरून जातात, असं २०१५ मध्ये दिसलं. पेशींच्या जगात हजारोंनी मरणं हे जिवंत शरीराचं लक्षण आहे. कॅन्सरची पेशी ते विसरते. घडायचं विसरते, थांबायचं विसरते आणि जायचं विसरते. वाढण्यासाठी ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे वळवून घेते, मोजून मिळालेलं दुभंगणं संपू नये म्हणून गुणसूत्रांची टोकं पुन्हा पुन्हा बांधून काढते. हे सगळं करायची साधनं आपल्याच ग्रंथातल्या मिटलेल्या पानांवर असतात. तिनं नवीन काही शोधलेलं नसतं.

बायोप्सीच्या आधी मावशीनं मला बाजूला घेतलं होतं. ‘‘सुई टोचली की पसरतो गं. हवा लागली की पसरतो. नको करू देऊस.’’ तिच्या डोळ्यांतली भीती खरी होती. तेव्हा मी फक्त ‘डॉक्टर म्हणतात तसं करू या’ म्हणाले. आजची मी असते तर तिला पसरणं किती अवघड असतं ते सांगितलं असतं. पेशीला आधी शेजारणींचा हात सोडावा लागतो, खालचा पडदा फोडावा लागतो, रक्तवाहिनीची भिंत पार करावी लागते. रक्ताच्या धारेत बहुतेक पेशी चिरडून किंवा पहारेकरी पेशींच्या हाती सापडून मरतात. पलीकडे उतरल्यावरही परक्या जागी रुजावं लागतं. प्रयोगात रक्तात सोडलेल्या कॅन्सरच्या हजारो पेशींमधून एखादीच कुठे नवी गाठ करते. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या. गाठी यकृतात पुष्कळ, प्लीहेत फार कमी. रक्त तर दोन्हीकडे जातं. त्यांनी म्हटलं, बी सगळीकडे पडतं पण मानवेल त्या मातीतच रुजतं. हवा लागण्याचा इथं काही संबंध नाही. गाठ उघडल्यावर ती आधीच पसरलेली दिसली, अशा जुन्या कहाण्यांतून तो समज आला असावा. पण अवघड असूनही हे घडतं, कारण गाठ तिथंच राहिली तर पेशी वर्षानुवर्षं प्रयत्न करत राहतात. कॅन्सरनं होणाऱ्या बहुतेक मृत्यूंचं कारण हे पसरणंच असतं. म्हणून सुईला घाबरून वाट बघण्यातच खरा धोका आहे.

रिपोर्टच्या शेवटी ‘ईआर पॉझिटिव्ह’ होतं. पॉझिटिव्ह म्हटल्यावर आम्ही पुन्हा दचकलो. पण त्याचा अर्थ असा, की या पेशींमध्ये इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा निरोप घेणारा रिसेप्टर अजून होता. नलिकेच्या घडलेल्या पेशीची ती एक जुनी सवय शिल्लक होती. टॅमॉक्सिफेनसारखं औषध त्या रिसेप्टरच्या जागेवर स्वतः जाऊन बसतं आणि वाढीचा निरोप पोचू देत नाही. किमोला असं निवडता येत नाही. ती दुभंगणाऱ्या पेशी गाठते, मग त्यात केसांच्या मुळाशी, तोंडाच्या अस्तरात, अस्थिमज्जेत कष्ट करणाऱ्या चांगल्या पेशीही सापडतात. आईचे केस गेले तेव्हा मी तिला हे सांगितलं होतं, की ज्या पेशी सर्वांत जास्त राबतात त्यांनाच ते लागतं. तिनं रुमाल बांधता बांधता मान हलवली.

शस्त्रक्रियेच्या आधी स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवायला नेल्या होत्या. आई बरोबर आली होती. त्या बाई मनानं चांगल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘काकू, बघायचंय?’’ दोघांना एकदम बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. आईनं चष्मा काढून डोळे लावले. केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी. डॉक्टर एकेक दाखवत गेल्या. ही नेहमीची नलिका, हे चरबीचे पांढरे गोल, आणि ही इकडची दाटी, ती गाठ.

आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग विचारलं, ‘‘यातली पहिली कुठली?’’

‘‘ती आता नाही सापडायची, काकू. या सगळ्या तिच्याच.’’

‘‘आणि ती माझीच होती.’’

‘‘हो.’’

आईनं डोळे बाजूला घेतले, पुसले आणि पुन्हा लावले. म्हणाली, ‘‘ती मघाची नलिका परत दाखवा. त्या रांगेत बसलेल्या.’’ डॉक्टरांनी स्लाइड हलकेच मागे सरकवली.